अण्णा ‘हौद’ म्हणाले

६ मार्च, शुक्रवार

प्रियदर्शनीचे स्पीकर आज पुण्याहून ट्रान्सपोर्टनं आले. जावई कंपनीतर्फे परदेशात चालले, तिकडं एवढं धूड नेता येत नाही, म्हणून आमच्या लेकीनं ते लातूरला आमच्या गळ्यात मारले. दोन नग आहेत आणि प्रत्येक माझ्या कमरेएवढा उंच. माझ्या बायकोनं, शिवकन्येनं, पाहिल्या पाहिल्या विचारलं, यात ज्वारी किती मावेल. प्रियदर्शनीनं फोनवर सांगितल्या तशा वायरी मी जोडल्या, लाल ती लालमध्ये. लोक या गोष्टीचा उगाच बाऊ करतात.

पहिल्यांदा काय लावायचं हा प्रश्नच नव्हता. अण्णांचं भजन. माझे वडील वीरण्णा गेले त्याला आता वर्ष होईल. मागं त्यांचा आवाज म्हणून एवढं एकच भजन राहिलं, मी लहान असताना उदगीरच्या घरी कुणीतरी कॅसेटवर भरलेलं. गेल्या दिवाळीत ते मी नांदेडच्या सोमेशकडून मोबाइलमध्ये करून घेतलं. सोमेश म्हणजे शिवकन्येच्या माहेरच्या ओळखीतला, त्याचा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ आहे. त्याच्या मशीननं कॅसेट चावून टाकली ती गोष्ट वेगळी, पण गाणं आलं. रोज सकाळी भांड्याचं दुकान उघडताना मी ते मोबाइलवर लावतो. एकदम स्वच्छ, कुठं खरखर नाही.

आज स्पीकरवर लावलं आणि जीव घाबरा झाला. झांजा पत्र्यावर वाळू ओतल्यासारख्या वाजतात. अण्णांच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी पाण्यात काहीतरी बुडबुडतं. आणि दुसऱ्या कडव्यानंतर गाणं चक्क खड्ड्यात जातं. झांज नाही, एकतारी नाही, काही म्हणजे काही नाही. मग त्या शांततेत अण्णा हळू आवाजात एक शब्द बोलतात आणि झांज पुन्हा सुरू होते. मोबाइलवर हा शब्द मला कधीच ऐकू आला नव्हता. पुन्हा पुन्हा लावून पाहिलं.

अण्णा म्हणतात, ‘हौद.’

७ मार्च

झोप लागली नाही. झटका आल्यावर अण्णांची जीभ जड झाली होती. शेवटचे कित्येक महिने ते मला सारखं काहीतरी सांगायचे आणि मला कळायचं नाही. अगदी तोंडाजवळ कान नेला तरी कळायचं नाही. ज्या माणसानं मला तांब्या वाजवून चीर ओळखायला शिकवलं, त्याचं शेवटचं बोलणं मला समजू नये याची रुखरुख मला जेवताना, गिऱ्हाईक समोर असताना, सगळीकडं असते. त्यांना काय सांगायचं होतं एवढं कळलं तर मला दुसरं काही नको.

आधी दोष स्पीकरचा असेल म्हणून मोबाइलमधली बाकीची गाणी लावली. स्पीकर निर्दोष आहेत. गाणीच सगळी किडकी निघाली. एका मोठ्या गायिकेच्या गाण्यात कुणीतरी खुर्ची सरकवतं. एका भावगीतात तबलजीला पडसं झालंय. एका लावणीत बाई श्वास घेते तो प्रत्येक वेळी हुबेहूब तोच श्वास आहे, म्हणजे एकदाच घेतलेला श्वास चिकटवून चिकटवून वापरलाय. इतकी वर्षं आपण हे सगळं ऐकून माना डोलवत होतो. शिवकन्या म्हणाली, हे स्पीकर गाणं ऐकायचे नाहीत, चुका काढायचे आहेत, तुम्हाला बरोबर सापडले.

११ मार्च

मठात सकाळी आरती लाउडस्पीकरवर लावतात. मी समितीच्या लोकांना शांतपणे सांगितलं की तुमची आरती दाबलेली आहे, वरचे स्वर छाटलेत आणि तिसऱ्या कडव्यात घंटा नसून स्टीलचं पातेलं आहे. स्टील मला ओळखू येणार नाही तर कुणाला येणार. त्यांनी मला प्रसाद दिला आणि पाठीवर हात फिरवला. मल्लिनाथप्पा, वडील गेल्यावर असं होतं, म्हणाले.

१४ मार्च

अखेर शिवकन्येलाही बसवून ऐकवलं. ती आधी म्हणाली की काही ऐकू येत नाही, मग म्हणाली की हौद म्हणतात खरं. मग म्हणाली, “हौद धुवा म्हनून राहिले असतील. लई दिवस झाले धुवून.”

आमच्या अंगणात हौद आहे. आई गेल्यावर अण्णा मला घेऊन उदगीरहून लातूरला आले, गोलाईच्या बाजारात दुकान टाकलं आणि घर बांधायच्याही आधी हौद बांधला. नळ आठवड्यानं येतो, कधी दहा दिवसांनी. मधे दुष्काळाच्या वर्षी सबंध गल्ली या हौदावर जगली. शिवकन्येचा या घरात माझ्यापेक्षा हौदावर जास्त जीव आहे, हे मला माहीत आहे आणि मी ते मान्य केलेलं आहे.

तेव्हा हौद धुतला. मी स्वतः आत उतरून काथ्यानं घासला. वर येऊन पुन्हा भजन लावलं. अण्णा म्हणाले, ‘हौद.’ म्हणजे धुण्याचा विषय नाही.

१६ मार्च

विचार केला. गाणं खड्ड्यात जातं, मग हौद, आणि पुढं बुडबुड. खड्डा, हौद, पाणी. आता याहून स्पष्ट माणसानं काय बोलावं? सोनंनाणं असेल असं मला वाटत नाही, अण्णांच्या हाती सोनं आलं असतं तर त्यांनी त्याच्या परातीच आणल्या असत्या. काहीतरी वेगळं असेल. काय असेल ते असेल, पण सांगायचं राहिलं होतं ते हेच.

नाणं घेऊन हौदाच्या भिंती वाजवत फिरलो. तीन बाजू भरीव. चौथी, मोरीकडची, पोकळ. चाळीस वर्षं भांडी वाजवलेला कान आहे हा, त्याला पोकळ आणि भरीव कळतं. शिवकन्येनं विचारलं, काय करून राहिलाव. काही नाही म्हणालो.

१९ मार्च, पाडवा

साडेतीन मुहूर्तांपैकी एक, म्हणून आजच हनुमंत मिस्त्रीला बोलावून पहिला घाव घालून घेतला. गुढी उभारलेली, श्रीखंड झालेलं आणि अंगणात हनुमंत पहार घेऊन. त्यानं दोनदा विचारलं की नवा बांधायचा म्हणून जुना फोडायचाय का. मी म्हणालो, नाही, फक्त फोडायचाय. तो शिवकन्येकडं बघत राहिला. शिवकन्या आत गेली.

२० मार्च

मोरीकडची भिंत फोडली. पोकळ होतीच, माझा कान चुकला नव्हता. आत घुशीचं बीळ आणि बुडाला भोक असलेला एक पितळी तांब्या. हनुमंत म्हणाला, जुने मिस्त्री विटा वाचवायला काहीबाही भरायचे. मी तांब्या घासून उलटासुलटा पाहिला. त्यावर नाव नाही, खूण नाही. वाजवून पाहिला, भद्द. तरी हनुमंताला म्हणालो, तळही बघू. तळ उकरला. तळाखाली माती होती आणि मातीखाली मुरूम.

दुपारी प्रियदर्शनीचा फोन आला. मी तिला पाण्याच्या बुडबुड्याचं सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, “पप्पा, ते पाणी नाही. फाइल लहान करताना आवाज दाबून दाबून बारीक करतात ना, त्यानं असं बुडबुडतं. चांगल्या स्पीकरवर लगेच कळतं.” मग म्हणाली की मोबाइलवर पाठवायला सोमेशनं फाइल दाबली असणार, त्याच्याकडं मूळची असेल तर मागून घ्या. मी म्हणालो, हे तू काल सांगायला हवं होतंस. काल काय झालं, तिनं विचारलं. मी फोन तिच्या आईकडं दिला. तिच्या आईनं फोन घेतला, हौदाकडं पाहिलं आणि ठेवून दिला.

तेव्हापासून शिवकन्या माझ्याशी बोलत नाही. बोलायचं असलं की हनुमंताला सांगते आणि हनुमंत मला सांगतो. तो अंगणातला राडारोडा उचलायला अजून येतोय म्हणून बरं, नाहीतर मला जेवायला कुणी बोलावलं असतं कुणास ठाऊक.

२४ मार्च

आज नळ आला. हौद नाही. शिवकन्येनं सकाळीच रिक्षा करून माझं दुकान गाठलं आणि पिंपं, घागरी, हंडे, कळशा, पातेली, जे जे पाणी धरू शकतं ते सगळं घरी आणलं. चमचे आणि झारे तेवढे ठेवले. घरात पाय ठेवायला जागा नाही. पलंगाखाली कुकर भरून ठेवलेत.

गोलाईतून एक गिऱ्हाईक हंड्यासाठी घरी आलं. मुलीच्या लग्नात द्यायचा होता. शिवकन्येनं हंडा दाखवला, पसंतही पडला, पण पुढचा नळ येईपर्यंत रिकामा होणार नाही म्हणाली. त्यानं विचारलं, भरलेला नेऊ का. ती म्हणाली, हंडा न्या, पाणी आमचं आहे. मी मध्ये पडलो नाही. मध्ये पडण्याची माझी पत राहिलेली नाही.

२७ मार्च

सकाळच्या बसनं नांदेडला गेलो. सोमेशचा स्टुडिओ विष्णुपुरीच्या रस्त्याला आहे. खोलीला आतून गादीसारखं काहीतरी लावलेलं आणि भिंतीवर त्याचेच फोटो. मी सरळ विचारलं, माझ्या वडिलांच्या गाण्यात खड्डा कुणी पाडला?

त्याला राग आला. त्यानं काँप्युटर उघडून नीट दाखवलं. आधी फाइलमधली खरखर धुऊन काढली, मग झांजा धुताना थोड्या झिजल्या, त्याला इलाज नाही. मग त्या खड्ड्याच्या जागी आल्यावर म्हणाला, “इथं मधीच एक बाई बोलून राहिली होती. तुमीच म्हनलाव ना काका, मधी कुनी बोललेलं नको, निस्ते अण्णा पायजेत. बाईला काढलं. अण्णा ठिवले.”

मी म्हणालो असेन तसं. पण बाई कोण हे विचारायला नको का? त्यावर तो म्हणाला, रोज शंभर गाण्यात शंभर लोक खोकतात, मी कुणाकुणाला विचारू. हे मात्र त्याचं खरं असावं.

मूळची फाइल त्यानं जपून ठेवली होती. मला कानाला यंत्र लावून बसवलं. खरखर एवढी की जणू कढईत जिरं पडलंय. त्यात अण्णा गातात. कडवं संपतं, झांज चालू राहते, आणि लांबून, बहुतेक दुसऱ्या खोलीतून, एक बाई काहीतरी विचारते. मग अण्णा म्हणतात ते नुसतं ‘हौद’ नाही, शेवटी आणखी काहीतरी आहे. सोमेश म्हणाला, कापताना शेपूट गेली असेल.

कॅसेट भरली तेव्हा उदगीरच्या घरात बाई एकच होती. माझी आई, नीलाबाई. पुढच्या वर्षी ती गेली. तिचा चेहरा फोटोत आहे. आवाज मला अजिबात आठवत नाही, आठवतो असं मी लोकांना सांगत आलो तरी. मी यंत्र कानाला लावून तसाच बसून राहिलो. सोमेशनं चहा आणला, तो गार झाला, मग त्यानंच पिऊन टाकला.

२८ मार्च

घरी स्पीकरवर लावलं. शिवकन्या चुलीपुढून उठून आली, पिंपांच्या मधून वाट काढत, आणि दारात उभी राहिली. बोलली नाही, पण हनुमंतालाही काही सांगितलं नाही. शेवटपर्यंत ऐकलं आणि डोळ्याला पदर लावून परत गेली. मूळ खरखरीसकट स्पीकरवर आई अगदी खोलीत असल्यासारखी ऐकू येते. मात्र काय बोलते ते कळत नाही. मराठी नाही हे नक्की. आजोळ पार कर्नाटकाच्या बाजूचं, तेव्हा कानडी असणार. लातूरला आल्यावर अण्णांनी घरात कानडीचा शब्द काढला नाही. शाळेत पोराला हसतील म्हणायचे.

प्रियदर्शनीला फाइल पाठवली. तिनं मोबाइलच्या कसल्याशा भाषांतरवाल्याला ती ऐकवली. त्याचं उत्तर आलं, ‘मला माळी दिसत नाही.’

माळ्याचा आमच्या घराशी काही संबंध नाही. फुलांच्या कुंड्यासुद्धा नाहीत.

१ एप्रिल

आता कानडी कळणारं आणि आईला ओळखणारं एकच माणूस शिल्लक आहे. दानम्मा आत्या, अण्णांची धाकटी बहीण, उदगीरला. खाट सोडत नाही आणि तिला ऐकू येत नाही. फोनवर तर काहीच येत नाही, नुसती ‘कोन हाय’ म्हणत राहते. तेव्हा एकच मार्ग उरतो. उद्यासाठी पिकअप सांगून ठेवली आहे.

२ एप्रिल, उदगीर

स्पीकर गोधड्यांत गुंडाळून पिकअपमध्ये घातले आणि मी मागं त्यांना धरून बसलो. रस्त्यात एकानं विचारलं, डीजे कुणाच्या वरातीचा. मी म्हणालो, आईचा.

आत्याच्या खाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक स्पीकर उभा केला. शेजारपाजारचे जमले. आत्याला वाटलं दवाखान्याचं काही मशीन आहे, तिनं दंड पुढं केला. मी आवाज पूर्ण मोठा केला. खरखर अशी सुटली की समोरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. अण्णा गायला लागले आणि आत्या एकदम ताठ बसली. “वीरण्णा हाय,” म्हणाली. आणि मग आई आली.

आत्यानं तिला कानडीतून काहीतरी उत्तर दिलं. स्पीकरकडं तोंड करून, नेहमीच्या आवाजात. मग माझ्याकडं पाहून म्हणाली, अरे ही नीला आहे, ही कुठं होती एवढे दिवस?

मी तिच्या कानात ओरडून विचारलं, काय म्हणते?

“इचारून राहिली, मल्लू मलगिदना. मल्लू झोपला का? अन् वीरण्णा म्हनला, हौदु.”

“हौद?”

“हौद न्हाई रे. हौदु. हाव म्हनला तो. हाव, झोपला.”

म्हणजे अण्णा हो म्हणाले. इतकंच. एका ‘हो’साठी मी लातूरमध्ये, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, धडधाकट हौद फोडला. सगळे हसले, मीही हसलो. हसता हसता एकदम लक्षात आलं की आई माझ्याबद्दल विचारत होती. मल्लू म्हणजे मी. ती कुणाबद्दल विचारत असेल याचा मी इतक्या दिवसांत विचारच केला नव्हता. पुन्हा लावलं, आणखी एकदा लावलं. आत्या प्रत्येक वेळी तिला नव्यानं उत्तर देत होती.

मग मी आत्याला विचारलं. विचारायचं नव्हतं पण विचारलं. म्हणालो, शेवटी शेवटी अण्णांची जीभ जड झाली होती. मी दुकानातून आलो की ते रोज ‘बंद, बंद’ म्हणायचे. मी खिडकी बंद करायचो. तरी म्हणायचे, मग पंखा बंद करायचो, टीव्ही बंद करायचो, दार लावून घ्यायचो. तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही, माझ्याकडं बघत राहायचे.

आत्याला ऐकू आलं नाही. सगळं पुन्हा ओरडून सांगावं लागलं. शेजारपाजारच्यांनीही ऐकलं. आत्यानं विचारलं, नुसतं बंद म्हणायचा की बंद्येनो? मी आठवलं. शेवटी ‘नो’ सारखं काहीतरी असायचं. मला वाटायचं धाप लागली.

“बंद्येनो म्हंजे आलास का रे,” आत्या म्हणाली. “तू आला की इचारायचा असंल. आलास का.”

कुणी हसलं नाही. आत्यानं माझा हात धरला आणि धरून ठेवला, मग तिला डुलकी लागली. हात सोडवून घेऊन मी स्पीकर गोधड्यांत गुंडाळले. मला काय सांगायचं होतं, काय राहून गेलं, यावर मी वर्षभर जीव टांगून बसलो होतो. अण्णांना काही सांगायचंच नव्हतं. रोज एवढंच विचारायचं होतं, आणि मी रोज उठून खिडकी लावत होतो.

त्याच दिवशी, लातूर

दिवस मावळायच्या सुमारास पोचलो. हनुमंत आला नव्हता. शिवकन्या अंगणात रिकाम्या घागरी पालथ्या घालत होती. तिनं मान वर केली नाही, पण म्हणाली, “आलाव का?”

मी म्हणालो, आलो. चपला काढल्या, आत गेलो, अण्णांच्या खोलीची खिडकी उघडली आणि पुन्हा म्हणालो, आलो.

“ऐकलं की येकदा,” बाहेरून ती म्हणाली.